पुलाच्या पिक्चरचं शेवटचं रीळ

खडकी, पुणे
बुधवार, ५ नोव्हेंबर २०२५

प्रिय कल्याणी,

सप्रेम जय भीम. आम्ही दोघं ठीक आहोत, तूही ठणठणीत असशील असं धरून चालतो. गुडघ्याला तेल लावतेस का, असं शालनने विचारायला सांगितलंय. स्वतः लावत नाही, नागपूरची चौकशी मात्र चोख.

रविवारी फोन झालाच होता, मग हा आता पत्र कशाला लिहितोय, असं तुझ्या मनात आलं असणार. अगं, फोनवर तू मला बोलू कुठे देतेस? तीस वर्षं वॉर्ड सांभाळलास तू. समोरच्याने कुठे दुखतंय ते सांगायच्या आत तुझी सुई तयार. पत्राचं बरं असतं. मध्येच थांबलो तरी "पुढे बोल ना, दादा" म्हणून कुणी ओरडत नाही.

तर बातमी अशी की एका चॅनेलने हा अख्खा महिना रोज दुपारी दोन वाजता जुने काळे-पांढरे मराठी सिनेमे लावलेत. तीस दिवस, तीस सिनेमे. शालनने पेपरातली यादी कापून फ्रिजवर चिकटवली आहे आणि दोन ते साडेचार आमच्या घरात कुणी मेलं तरी चालेल असा कायदा केलाय. रडते किती म्हणून सांगू! काल अजून नावंच येत होती, तर हिचा पदर डोळ्यांना. म्हटलं, "अगं, अजून कुणी आलंसुद्धा नाही." तर म्हणते, "येणार आहे आणि मरणार आहे. मला माहितीये."

मी सिनेमा बघत नाही, मी मशीन बघतो. फॅक्टरीतून रिटायर होऊन पंधरा वर्षं झाली आणि फॅक्टरीच्या क्लबात मी ज्यावर पिक्चर दाखवायचो ते मशीन भंगारात जाऊन तीस, पण पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात रीळ संपत आल्याचा ठिपका चमकला की माझा हात अजून उठतो. बसल्या जागी उठतो आणि मग काय करायचं ते न कळून कान खाजवतो. शालन म्हणते, "बसा हो, ते लोक बदलतील आपलं आपण."

आम्रपालीही आली आहे. शनिवारी आली. ऑफिसचं काम घरून करता येतं म्हणाली, हिंजवडीच्या ट्रॅफिकला कंटाळली होती, म्हणून चार दिवस आईकडे. मांडीवर लॅपटॉप घेऊन आमच्याबरोबर बसते. आणि गंमत सांगतो, रोज सिनेमा सुरू झाला की माझा आणि टीव्हीचा मिळून एक फोटो काढते आणि जावईबापूंना पाठवते. सासऱ्याचं एवढं कौतुक मी तरी कुठे पाहिलं नव्हतं. आता मी शर्ट बदलूनच बसतो.

बॅग मात्र जरा मोठी आणली आहे तिने. असो.

मुद्द्याचं म्हणजे, यादीत एकोणतीस तारखेला आपला पुलाचा पिक्चर आहे. हो, तोच. नाव वाचलं आणि माझा चहा गार झाला. तुला सांगितलं नसतं तर बरं, असंही वाटलं, पण तुमच्याकडेही तेच चॅनेल दिसतं, तुला कळायचं ते कळणारच. कल्याणी, माझं ऐकशील तर तू तो बघू नकोस. एक तर प्रिंट फार खराब असणार. दुसरं, तुझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला अजून वर्ष झालेलं नाही. तिसरं, जे एकदा डोळ्यांत बसलंय ते तसंच राहू द्यावं. तुला आठवतंय ते चांगलं आहे. ती बाई डोक्यावर ट्रंक घेऊन पुलावरून चालत गेली, मागे वळली नाही, आणि समाप्त. झालं की! पुन्हा बघून काय मिळणार?

शालन म्हणते, भाजी आणायची आहे, उठा. उठतो.

तुझा,
दादा


खडकी, पुणे
सोमवार, १७ नोव्हेंबर २०२५

प्रिय कल्याणी,

जय भीम. काल तुझा फोन आला. "दादा, बघू नको म्हणजे काय? मी चौदा बायकांना बोलावलंय!" विहारातल्या महिला मंडळाच्या चौदा बाया, त्या दुर्गाबाईंच्या घरचा मोठा टीव्ही, दोन किलो चिवडा. तुला वाटलं, म्हातारा नेहमीसारखा कुरकुर करतोय. मी "बरं बरं" म्हणून फोन शालनच्या हातात दिला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

चौदा बायकांसमोर तुझी फजिती होण्यापेक्षा मी आत्ताच सांगतो. त्या पिक्चरला शेवटचं एक रीळ आहे. अठरा मिनिटांचं. ते मी दाखवलं नाही.

रीळ आलं नव्हतं, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं. खोटं. आलं होतं, चांगलं धडधाकट आलं होतं. तुला माहितीये, संध्याकाळी मैदानात पडदा लावायच्या आधी, शनिवारी दुपारी मी क्लबाच्या मागच्या खोलीत भिंतीवर सगळी रिळं चालवून बघायचो. कुठे फाटलंय, कुठे जोड सुटलाय, ते पाहायला. त्या शनिवारीही पाहिलं. ती बाई पुलावरून गेली आणि रीळ संपलं. मी पुढचं लावलं. तर पुलाच्या पलीकडे तिला एक म्हातारबुवा भेटतात, पाच मिनिटं उपदेश करतात, इकडे नवरा आजारी पडतो, आणि ही बया डोक्यावर तीच ट्रंक घेऊन त्याच पुलावरून परत येते. दारात त्याच्या पायांवर डोकं ठेवते. तो डोळे पुसतो. बायका ओवाळतात. संपलं.

अगं, दोनच दिवस आधी गुरुवारी मी तुला नळावर पाहिलं होतं. पदर गालावर ओढून उभी होतीस. मी हाक मारली तर म्हणालीस, "दाढ दुखतेय, दादा." कचरूदाजीच्या हाताची पाच बोटं मला पदराबाहेर दिसत होती.

मी त्या रिळाचा डबा पिशवीत घातला, घरी नेला आणि ज्वारीच्या कोठीमागे ठेवून दिला. मग प्रश्न आला की पिक्चर संपवायचा कसा. आपल्याकडे ती काच असायची, आठवते? एखादं पोर गर्दीत हरवलं की काचेवर शाईने लिहून पडद्यावर दाखवायचो. तशी एक काच घेतली आणि तिच्यावर "समाप्त" लिहिलं. घाईत लिहिलं, अक्षरं वाकडी आली. तू दरवर्षी सांगतेस ना त्या बायकांना, "समाप्तसुद्धा तिरकं आलं होतं, मला सगळं आठवतं"? ते माझं अक्षर होतं, कल्याणी.

लोक ओरडले. कचरूदाजी तर उभाच राहिला, "ए रामदास, पुढचं लाव की!" म्हटलं, "दाजी, एवढंच आलंय." दुसऱ्या दिवशी सकाळी तू नागपूरच्या मावशीकडे निघून गेलीस. सोमवारी मी डबा पेटीत घालून परत पाठवला. कुणाला कळलं नाही, असं मला काल-परवापर्यंत वाटत होतं.

आता तुला राग आला असेल तर येऊ दे. चव्वेचाळीस वर्षं तू ज्या बाईचं नाव घेऊन पोरींना धीर देतेस ती बाई परत गेली होती. आणि हे मला माहीत होतं. तू सुट्टीत आलीस, आम्रपालीला मांडीवर घेऊन "तुझ्या पप्पांच्या पिक्चरने मला वाचवलं" म्हणायचीस, आणि मी ऐकून घ्यायचो. चक्क ऐकून घ्यायचो. बरंही वाटायचं.

त्याआधी तू दोनदा आमच्या दारात आली होतीस. त्याबद्दल आज नाही लिहीत.

आम्रपालीचंही सांगायचं आहे. मागच्या पत्रात मी "असो" म्हणून सोडलं होतं. तिची ती फोटोंची गंमत मी तुला लिहिली ना, ती गंमत नव्हती. परवाच्या गुरुवारी लाईट गेली. पुण्यात गुरुवारी जातेच, त्यात नवल नाही. सव्वादोन वाजले, टीव्ही बंद, आणि ही पोरगी पांढरीफटक. मी म्हटलं, "एवढं काय त्यात, एक सिनेमा बुडला तर?" तर म्हणाली, "पप्पा, फोटो कसला पाठवू? टीव्ही चालू नसेल तर त्याला पटत नाही मी इथे आहे."

मला आधी समजलंच नाही. मग तिने सांगितलं. राकेशने त्या चॅनेलची यादी काढून ठेवली आहे. कालचा फोटो आज पाठवायची सोय नको, म्हणून रोज नवीन सिनेमा आणि समोर बाप, असा फोटो मागतो. ताडून बघतो. ऑफिसात असली की टेबलाचा, रिक्षात असली की रस्त्याचा. एकदा फोन चार्ज नव्हता, घरी गेल्यावर मारलं. "दोनदाच मारलंय, पप्पा," असं म्हणाली, जशी काही त्याचीच वकील. पस्तीस वर्षांची बाई, हाताखाली अकरा माणसं काम करतात, आणि लाईट गेली म्हणून हुंदके देत होती. मी शर्ट बदलून बसत होतो गं. त्या फोटोत नीट दिसावं म्हणून.

चार दिवसांचे सोळा झाले. आता व्याह्यांचा फोन आलाय. ते, विहीणबाई आणि राकेश, तिघं एकोणतीसला शनिवारी चार वाजता येणार आहेत. "बसून मिटवू, आणि सुनेला घेऊन जाऊ. तुम्ही मोठे आहात, दोन शब्द तुम्हीच सांगा तिला," असं म्हणाले. मी "या ना" म्हटलं. आम्रपालीला विचारलं तर "तुम्ही म्हणाल तसं, पप्पा," एवढंच.

तारीख आणि वेळ शालनने यादीवर पाहिली. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "या वेळी डबा कुठे लपवणार?"

म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं. चव्वेचाळीस वर्षं! ज्वारी काढायला तीच जायची कोठीकडे, मी विसरलो होतो.

तुझ्या फोनची वाट बघतो. शिव्या द्यायला तरी कर.

दादा


खडकी, पुणे
रविवार, ३० नोव्हेंबर २०२५

प्रिय कल्याणी,

जय भीम.

तेवीस तारखेच्या रविवारी तुझा फोन आला नाही. गेल्या कित्येक वर्षांत असं झालं नव्हतं. शालनने दहा वेळा फोन उचलून बघितला की लागतोय का. मी म्हटलं, लागतोय, तिकडून करायचा नाहीये. तो आठवडा माझा फार वाईट गेला. सिनेमे लागत होते, आम्ही तिघं समोर बसत होतो, फोटो निघत होते. एकीकडे तू गप्प, दुसरीकडे शनिवार जवळ येतोय.

काल काय झालं ते तुला आम्रपालीने फोनवर सांगितलं आहे, पण ते तिच्या तोंडून. माझ्या बाजूने ऐक.

ते साडेतीनलाच आले. चारचं सांगून साडेतीनला! मी टीव्ही बंद करायला उठलो, तर विहीणबाई म्हणाल्या, "राहू द्या हो, काय गोड काम करायची ती नटी. आम्ही पण घरी हाच बघत होतो, तसेच उठून आलो." झालं. सगळे पुलाच्या पिक्चरसमोर बसले. राकेश माझ्या शेजारी. चांगला दिसतो, चांगलं बोलतो, मला वाकून नमस्कार केला. मुलगा वाईट दिसला असता तर मला सोपं गेलं असतं.

पूल आला. ती डोक्यावर ट्रंक घेऊन निघाली. उजव्या कोपऱ्यात ठिपका चमकला आणि माझा हात उठला. खरंच उठला, कल्याणी. शालनने पाहिलं. पण टीव्हीचं रीळ माझ्या हातात थोडंच, पुढे सुरूच. म्हातारबुवा आले, उपदेश झाला, ती परत आली, पायांवर डोकं ठेवलं. छापील, सरळ "समाप्त" आलं. आम्रपाली आजवर तुझ्या तोंडून तो पिक्चर ऐकत आली होती. तिने माझ्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तिला फक्त कळत नव्हतं की हे काय झालं.

विहीणबाईंनी डोळे पुसले. म्हणाल्या, "पूर्वीचे सिनेमे बघा. संसार कसा टिकवायचा ते शिकवायचे. आजच्या मुलींना कोण सांगणार?" व्याही माझ्याकडे बघून म्हणाले, "आता रामदासजी सांगतीलच की."

आणि राकेश घड्याळ बघून म्हणाला, "आमू, चल, बॅग भर. ट्रॅफिक लागेल."

आणि ती उठली! अगं, उठली. सरळ आतल्या खोलीकडे निघाली. शालन स्वयंपाकघराच्या दारात ट्रे घेऊन उभी होती, ती बाजूला झाली नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. पंच्याहत्तर वर्षांचा माणूस मी. दारूगोळ्याच्या शॉपमध्ये पस्तीस वर्षं काढली, तिथे कधी मागे हटलो नाही, आणि काल तीन शब्दांसाठी मला आधी उठून उभं राहावं लागलं.

म्हटलं, "आम्रपाली, बस खाली."

ती थांबली. मग राकेशला म्हटलं, "राकेशराव, ती येणार नाही."

व्याही म्हणाले, "अहो, असं काय करता? मोठ्यांनी जोडून द्यायचं असतं."

म्हटलं, "मी दिलं आहे एकदा जोडून. दोनदा. माझी बहीण नवऱ्याचा मार खाऊन माझ्या दारात आली आणि मी तिला परत नेऊन सोडली. दुसऱ्यांदा तर तिची पिशवी मीच उचलली होती. त्या पिशवीचे बंद अजून माझ्या हाताला कळतात. पुन्हा माझ्याच्याने होणार नाही."

राकेश म्हणाला, "पप्पा, तुम्ही एकच बाजू ऐकताय."

म्हटलं, "हो, एकच ऐकतोय. माझी मुलगी आहे ती."

"मी काळजी करतो तिची, म्हणून फोटो मागतो."

"आता नाही पाठवणार. कुठे आहे असा प्रश्न पडला तर लक्षात ठेवा, बापाकडे आहे."

मग त्याचा आवाज चढला. गोड बोलणं कुठल्या कुठे गेलं, आणि तो आवाज ऐकून मला बरंच वाटलं, कारण माझ्या मनात जी काही शंका उरली होती ती गेली. शालन पुढे आली आणि त्याच्या हातातला अर्धा कप तिने काढून घेतला. "ट्रॅफिक लागेल ना तुम्हाला?" म्हणाली. एवढंच. आपल्या शालनला पेठेत जन्माला यायला हवं होतं.

ते गेले. कोर्टात बघू म्हणाले. बघू की. आमच्या थोरल्याला, रोहनला फोन केला, तो पुढच्या आठवड्यात बंगळूरहून येतोय, वकील त्याच्या ओळखीचे आहेत. हे सगळं लांबणार आहे आणि सोपं नसणार आहे, ते आम्हाला कळतंय. पण आम्रपालीने फोन बंद करून पलंगावर टाकला आणि संध्याकाळी सहा वाजता झोपली. महिनाभर ती नीट झोपली नव्हती, ते मला काल कळलं. आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती, लहानपणी झोपायची तशी.

उठल्यावर तिने विचारलं, "पप्पा, आत्याचा पिक्चर वेगळा का होता?" मी सगळं सांगितलं. मग तिने तुला फोन लावला, आणि तुम्ही दोघी तासभर बोललात. मी बाहेर खुर्चीत बसून होतो. मध्ये मध्ये तिचं हसणं ऐकू येत होतं. चौदाच्या चौदा बायकांना तू शेवटपर्यंत सगळा पिक्चर दाखवलास आणि मग सांगितलंस की आमच्या दादाने हे कापलं होतं. दुर्गाबाई म्हणाल्या म्हणे, "बरं केलं मेल्याने."

आणि मग आम्रपालीने तुला विचारलं की आत्या, तू शेवटचं रीळ बघितलं असतंस तर गेली असतीस का? तू काय म्हणालीस ते तिने मला जसंच्या तसं सांगितलं. तू म्हणालीस, "मी शुक्रवारीच पिशवी भरली होती."

शुक्रवारी! पिक्चरच्या आदल्या दिवशी.

कल्याणी, मी खुर्चीतून उठलोच नाही. मला वाटायचं, आयुष्यात एक काम केलं. तोंडाने नाही जमलं, हाताने केलं, पण केलं. चव्वेचाळीस वर्षं त्या एका डब्यावर मी स्वतःला माफ करत आलो. आणि तू तर निघालीच होतीस. मग लोकांना पिक्चरचं का सांगत राहिलीस? तेही तिने विचारलं, आणि तू म्हणालीस, "नाहीतर काय सांगू? भावाने दोनदा परत धाडलं, म्हणून तिसऱ्यांदा त्याच्या दारावरून न थांबता स्टेशन गाठलं, असं सांगू? माझा भाऊ आहे तो."

मला झाकायला तू ती गोष्ट सांगत होतीस. आणि मी ती ऐकून फुशारत होतो.

मग तिने पुन्हा तुला फोन लावून माझ्या हातात दिला. तू एवढंच म्हणालीस, "दादा, डबा लपवलास त्याचा राग नाही रे. पण मी दारात उभी होते तेव्हा तोंडाने का नाही म्हणालास?" आणि मला काही बोलता येण्याआधी तू फोन ठेवलास. या वेळी मला बोलू दिलं असतंस तरी मला बोलता आलं नसतं.

उत्तर देतो. घाबरलो. कचरूदाजी माझ्या शॉपचा चार्जमन होता, माझा साहेबच, क्वार्टर त्याच्या शब्दावर मिळालं होतं. वडील गेलेले, आई आजारी, रोहन पोटात. लोक म्हणतील, रामदासला बहीण नांदवता आली नाही, हीही भीती होती आणि तीच मोठी होती, खरं सांगतो. शालन तेव्हा म्हणाली होती, "राहू दे तिला." मी तिच्यावरही ओरडलो. यातल्या एकाही कारणाने तुझा गाल वाचला नाही. मला सगळं कळत होतं आणि मी तुझी पिशवी उचलून चालायला लागलो. तू माझ्यामागे चालत होतीस आणि रस्ताभर एक अक्षर बोलली नाहीस. मला वाटलं, समजूत पटली हिची.

तू कुणाच्या पिक्चरमुळे नाही गेलीस, माझ्यामुळे तर नाहीच. एकटी गेलीस. हे आता त्या बायकांना सांग. माझं नाव घेऊन सांग. मला चालेल.

आणि जे मी तेव्हा दारात उभं राहून म्हणायला हवं होतं, ते काल दुसऱ्या कुणाला म्हटलं. आज तुला म्हणतो. शालन शेजारी बसली आहे, तिच्यासमोर मोठ्याने वाचतोय.

कल्याणी, परत जाऊ नकोस. आत ये. पिशवी मला दे. हे तुझं घर आहे.

चव्वेचाळीस वर्षं उशिरा,
तुझा भाऊ,
रामदास